फाट्यावर साडेसात

मंगळवार, 11 नोव्हेंबर, रात्री

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा खालच्या आळीची म्हातारी अंगणात येऊन बसली. कापूस वेचून थेट इकडेच आलेली, पदराला पातीचा कचरा तसाच. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत पीपीओ म्हणजे पेन्शनचा मंजुरी कागद, आधार, बँकेचं पुस्तक. "उद्या बुधवार हाय ना? जायाचं काय?" मला काही आठवेना. मग आठवलं, आणि लाज वाटली.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला. आसपासच्या चार गावांतल्या फौजींच्या विधवा, शिवाय श्रावणबाळ योजनेवाल्या दोघी-तिघी, या सगळ्यांना तालुक्याला न्यायचं काम आमच्या आबाजींचं. कोणी सांगितलेलं नव्हतं. बुधवारच का, तर बाजाराचा दिवस. वेचणीचा रोज बुडतोच, निदान मीठ-मिरची तरी येते घरी.

आबाजी 1969 ला महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सागरला ट्रेनिंग, 1986 ला हवालदार म्हणून पेन्शनवर. त्यांच्या मनीऑर्डरींवर बाबा मॅट्रिक झाले, दोन आत्यांची लग्नं झाली. 1971 ला ते पूर्वेकडे होते. लहानपणी आम्ही लढाईची गोष्ट सांगा म्हणून मागे लागायचो. "कायची गोष्ट? लय पानी होतं तिकडं. जिकडं पाहा तिकडं धान न् पानी." बस, एवढंच. आमच्या विहिरीत तेव्हा गाळ होता, त्यांना त्याचंच जास्त वाटलं असावं. पदकं आजीच्या सुईदोऱ्याच्या डब्यात. 'पूर्वी स्टार' या 1971 च्या पदकाच्या रिबिनीत अजून एक सुई टोचलेली आहे.

मी दोनदा त्यांच्यासोबत गेलोय. एस. टी.त चढताना मोजणी हिंदीत, "एक, दो, तीन..." उतरताना पुन्हा. एका वर्षी परतताना एक कमी भरली. बाजारात कडुनिंबाखाली तिचा डोळा लागला होता. गाडी चार किलोमीटर पुढे आलेली. आबाजी उतरले आणि पायी मागे गेले. दोघं रात्री नवाला, कोणाच्या तरी बैलगाडीतून.

बँकेत खरी अडचण अंगठ्याची. जन्मभर बोंडांची टोकं टोचून बोटं घासलेली, मशीन काही घेत नाही. काउंटरवरचा साहेब वैतागायचा. आबाजींच्या खिशात ओला रुमाल असे. अंगठा पुसायचा, "केसावरून फिरव", मग ठेवायचा. तेल लागलं की रेषा उमटतात म्हणे. तिसऱ्या-चौथ्या वेळी घेतंच. मी शहाणपणानं म्हटलं होतं, आता मोबाईलवर चेहऱ्यावरूनही होतं. त्यांनी एकीवर करून पाहिलं. "मोतीबिंदू काहाडलेल्या बाईले डोये मिचकाव म्हन्ते तो. ठेव तुहा फोन."

आजीचा मात्र यावर राग. जगाच्या म्हाताऱ्या तालुक्याला हिंडवतात, घरच्या म्हातारीला एक दिवस नेलं नाही. खोटं नव्हतं ते. घरात आबाजी कडकच होते. शिटी फुंकून उठवायचे, चादरीची घडी चुकली की पुन्हा घालायला लावायचे. त्यांच्याजवळ बसून गप्पा मारल्याचं मला तरी आठवत नाही.

ते श्रावणात गेले.

रात्री ट्रंक उघडली. काळी लोखंडी, पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकलेली. वर घडी केलेली मच्छरदाणी, खाली वही. दर वर्षाचं एक पान. या वर्षाचं पान त्यांनी उन्हाळ्यातच आखून ठेवलं होतं: "फाटा, 7.30. पिशवी तपासणे." खाली दहा नावं, एकीच्या नावावर काट. ती वैशाखात वारली. अकरावा आकडा, पुढे "स्वतः".

बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसलो. आजीची फॅमिली पेन्शन मागच्याच महिन्यात सुरू झाली, म्हणजे दाखला आता तिलाही लागणार. "स्वतः"वर रेघ मारून शेजारी तिचं नाव लिहिलं. आत जाऊन सांगितलं, सकाळी साडेसातला फाट्यावर, पिशवी तयार ठेव.

ती अंथरुणावर उठून बसली. "घ्या," म्हणाली, "नेलं बाप्पा एकदाचं."