बालवाडीच्या बागेतील शीतपेयाची बाटली

बालवाडीच्या भाजीबागेत वालावर मावा पडला आहे आणि मुलांना चालेल असाच उपाय हवा आहे, असा निरोप आल्यावर मी पाहणीसाठी गेले. भाजीपाल्यावरील किडींबाबत सल्ला देणे हे माझे काम आहे, आणि त्यातला बराचसा वेळ औषध सुचवण्यात नव्हे, तर पाने उलटून पाहण्यात जातो. मावा, पांढरी माशी, लाल कोळी ही सारी मंडळी मुख्यतः पानांच्या मागच्या बाजूला राहतात, त्यामुळे वरून हिरवागार दिसणारा वेल खालून पुरता पोखरला गेलेला असू शकतो.

वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाटीने बसला होता आणि त्याचा गोड, चिकट स्राव गोळा करण्यासाठी मुंग्यांची रांग लागली होती. भिंग लावले तेव्हा मात्र वेगळेच काही दिसू लागले. काही मावे फुगून गोल झाले होते, त्यांचा रंग बदामी आणि कवच कोरडे, टणक होते, आणि त्यांतल्या काहींच्या पाठीवर अगदी वर्तुळाकार छिद्र होते. गांधीलमाशीचा दूरचा नातलग असलेला एक बारीक परोपजीवी कीटक माव्याच्या शरीरात अंडे घालतो, अंड्यातून निघालेली अळी माव्याला आतून खाते आणि वाढ पूर्ण झाली की कीटक पाठ कापून बाहेर पडतो. म्हणजे या बागेत माव्याचा बंदोबस्त आपसूक सुरू झालेला होता. पण त्याच वेलांखाली ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्ड भुंग्याच्या, कितीतरी अळ्या मरून पडल्या होत्या. काळ्या, लांबट अंगावर नारिंगी ठिपके असलेली ही अळी माव्यावरच जगते, आणि दिसायला भीतिदायक असल्यामुळे बहुतेक बागांत सर्वांत आधी तीच मारली जाते.

‘‘काका, फवारलं काय होतं?’’ असे मी माळीकाकांना विचारले. त्यांनी अवजारांच्या खोलीतून संत्र्याच्या शीतपेयाची बाटली आणली. खोलीला कडी होती, कुलूप नव्हते. बाटलीवर चित्र संत्र्याचेच होते आणि आत तपकिरी पाणी होते. शेजारी उभ्या असलेल्या बाई समाधानाने म्हणाल्या, ‘‘मॅडम, आमच्याकडे रसायन अजिबात वापरत नाहीत. तंबाखू भिजवलेलं पाणी आहे ते.’’

तंबाखूतील निकोटिन हे जुने आणि जालीम कीटकनाशक आहे. ते त्वचेतून शरीरात शिरते. ओली तंबाखूची पाने हाताळणाऱ्या मजुरांना त्यामुळेच मळमळ, उलट्या आणि चक्कर यांचा त्रास होतो. लहान मुलाचे वजन कमी असल्याने त्याला थोडी मात्राही घातक ठरू शकते. शिवाय निकोटिन ढालकिडा आणि परोपजीवी कीटक यांनाही मारते, आणि तंबाखूच्या पाण्यातून टोमॅटोला विषाणूजन्य रोग लागू शकतो, तो वेगळाच. मी हे सांगत असताना काकांनी मध्येच विचारले, ‘‘फवारणीच्या दिवशी माझं डोकं गरगरतं, ते उन्हानं नाही का मग?’’ ते उघड्या हातांनी फवारत असत. त्यांना होणारा त्रास निकोटिनचाच होता, हे मी सिद्ध करू शकत नाही, पण मला त्याबद्दल फारशी शंका उरलेली नाही.

त्या वाफ्यांतील सगळ्या शेंगा मी तोडून टाकायला लावल्या. मुले त्या शेंगांवर रोज नजर ठेवून होती, त्यामुळे हा निर्णय कोणालाच आवडला नाही, आणि एका शिक्षिकेने ‘‘आजवर काही झालं नाही’’ असे ऐकवलेही. सारे याच वाक्याशी येऊन थांबते. विकतच्या कीटकनाशकासाठी या संस्थेचे नियम कडक होते, पण घरी भिजवलेल्या पाण्याला कोणी एकही प्रश्न विचारला नव्हता. सर्व किडींवर रामबाण म्हणून फिरणाऱ्या कृतींमध्ये तंबाखू, धोतरा आणि कण्हेर बिनदिक्कत लिहिलेली असतात. अशा कृती पुढे पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मिरचीच्या पाण्यालाही मुलांच्या बागेत जागा नाही, कारण मूल पान चुरगळते आणि तोच हात डोळ्यांना लावते.

मग तिथे काय करायचे? माव्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून मारला, तर खाली पडलेल्या माव्यांपैकी फार थोडे परत वर पोहोचतात. हे काम मुले स्वतः करू शकतात, आणि उत्तम करतात. त्याने भागले नाही तर लिटरभर पाण्यात 10 मिली सौम्य द्रव साबण घालावा. कपडे धुण्याची पावडर नको, कारण ती पाने जाळते. साबण अंगावर पडलेल्या मऊ किडीलाच मारतो आणि वाळल्यावर त्याचा परिणाम संपतो, म्हणून आधी दोन-चार पानांवर प्रयोग करून, ऊन उतरल्यावर, मोठ्यांनीच फवारावे. बदामी मावे असलेल्या फांद्या मात्र सोडून द्याव्यात. नत्रयुक्त खताचा मारा थांबवावा, कारण लुसलुशीत वाढीवर मावा लवकर पडतो. कोबीवर रोप लावतानाच बारीक जाळी घालावी आणि तरीही अळ्या आल्याच तर हाताने वेचाव्यात. फक्त पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला की घाई करू नये: कोबीवरील फुलपाखराच्या अंड्यांवर उभ्या रेघा असतात, ढालकिड्याची अंडी गुळगुळीत असतात. भिंगातून हा फरक पाहायला मुलांनी गर्दी केली, आणि एका मुलीने गुळगुळीत अंड्यांचे पान मला न विचारता बरोबर ओळखून दाखवले.

तपकिरी पाणी गटारात ओतू नये, असे बजावून बाटलीवर ‘विष’ असे ठळक लिहून ती कुलपात ठेवायला लावली, आणि घातक कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायला सांगितली. मुख्याध्यापिकांनी नंतर निंबोळी तेल चालेल का, असे विचारले. चालेल, पण मूळ बाटलीत आणि कुलूपबंद, असे मी कळवले. हे तेल पोटात गेल्याने तान्ही मुले गंभीर आजारी पडल्याची आणि दगावल्याचीही उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. बालवाडीच्या फाटकावर ‘रसायनमुक्त बाग’ अशी पाटी आहे. तिच्या जागी कोणत्या वाफ्यावर, कधी आणि काय फवारले हे लिहिणारा फळा लावावा, अशी सूचना मी त्याच पत्रात केली आहे. तेलाबद्दल त्यांनी आभार मानले, फळ्याबद्दल अजून काही कळवलेले नाही.