नुसतं पायथन टाका आणि एंटर मारा

टर्मिनल, म्हणजे संगणकाला टाईप करून हुकूम सोडायची खिडकी, उघडायचं, पायथन थ्री (पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा) एवढंच टाईप करायचं आणि एंटर मारायचं. वर दोन-तीन ओळी येतात, व्हर्जन कुठलं, कधी बनवलं, मदत हवी तर हेल्प टाका वगैरे, त्या कोणी वाचत नाही, आणि त्यांच्याखाली तीन बाण, >>> असे. बस एवढंच. फाईलचं नाव काय ठेवू विचारत नाही, लॉगिन करा म्हणत नाही, कुकीज चालतील का म्हणत नाही. तीन बाण आणि पुढे लुकलुकणारा कर्सर, तुमचं काय ते बोला.

मला हे इतकं सवयीचं झालंय की दुधाचा हिशोबसुद्धा मी तिथेच करते. महिना ३१ दिवसांचा, ४ दिवस खाडे, रोज दीड लिटर, ६० रुपये भाव. कंसात ३१ वजा ४, गुणिले १.५, गुणिले ६०, एंटर, की २४३०.० समोर हजर. शेवटचं पॉइंट शून्य दीड लिटरमुळे आलंय, एकदा हिशोबात अपूर्णांक घुसला की उत्तरही त्याच जातीचं येतं. मग आठवतं की दूधवाल्या काकांना ५०० आधीच दिलेत, तर परत सगळं टाकायची गरज नाही, नुसता अंडरस्कोर, वजा ५००, झाले १९३०.०. अंडरस्कोर म्हणजे मघाशी जे उत्तर आलं ते. ही सोय फक्त या तीन बाणांपुढेच, फाईलमध्ये प्रोग्रॅम लिहिलात तर अंडरस्कोर तिथे असलं काही करत नाही. (इथे मी आकडे देवनागरीत लिहितेय, तिथे इंग्रजीच टाकावे लागतात, त्याची गंमत पुढे सांगते.)

भाची म्हणते, मावशी, एवढ्यासाठी टर्मिनल कोण उघडतं? तिच्याकडे एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) आहे, त्याला पन्नास एक्स्टेन्शन, डाव्या बाजूला फाईलींची उतरंड, खाली चार टॅब. छान आहे, मीही दिवसभर ऑफिसात तेच वापरते. पण एडिटरमध्ये काहीही करायचं तर आधी फाईल, फाईल आली की तिला नाव द्या, आणि नाव सुचत नाही म्हणून टेस्ट, मग टेस्ट२, मग टेस्टफायनल, मग ते सगळं डेस्कटॉपवर पडून राहणार. दोन ओळींचा प्रश्न असतो हो कधीकधी, त्याला कशाला घर बांधून द्यायचं. इथे प्रश्न लहान असला तरी चालतो, आणि उत्तर मिळालं की विसरूनही जाता येतं.

ज्यांनी डिप्लोमाच्या नाहीतर इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये टर्बो सीच्या (सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर) निळ्या स्क्रीनसमोर तास काढलेत त्यांना हे जास्त पटेल. दोन आकड्यांची बेरीज करायची तर आधी वरची इन्क्लूडची पूजा, मग व्हॉइड मेन, मग क्लिअर स्क्रीन, मग दोन व्हेरिएबल, आणि शेवटी गेटसीएच नाही टाकलं तर कंट्रोल एफनाईन दाबल्यावर उत्तर येऊन डोळ्यांदेखत गायब, ते बघायला पुन्हा ऑल्ट एफफाईव्ह. आणि फॅक्टोरिअलचा, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार काढायचा प्रोग्रॅम! ७ पर्यंत सगळं नीट, ५०४० यायचे, ८ टाकले की ४०३२० ऐवजी चक्क उणे २५२१६. कारण टर्बो सीचा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा कप्पा, १६ बिटांचा, ३२७६७ च्या पुढे गेला की उलटून उणेत जातो. पायथनच्या तीन बाणांपुढे १०० चा फॅक्टोरिअल मागा, १५८ आकडी संख्या एका दमात ओकून मोकळा होतो. हां, अगदीच अंगावर येऊ नका, नव्या व्हर्जनमध्ये ४३०० पेक्षा जास्त आकडे छापायला लावलेत तर तो नाही म्हणतो. १० चा ५००० वा घात काढायला त्याची काही हरकत नसते, पण आतल्या बायनरीतून दशमानात लिहून काढणं फार वेळखाऊ, आणि ते मुद्दाम करायला लावून कोणाचा सर्व्हर झोपवता येऊ नये म्हणून ही मर्यादा घातलीय.

तीन बाणांमागे चालतं काय तर एक फेरी. ओळ वाचायची, तिचं काय होतं ते काढायचं, छापायचं, परत बाण दाखवायचे. इंग्रजी आद्याक्षरं जोडून लोक याला रेपल म्हणतात. ही चाल पायथनची नव्हे, लिस्प या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या घराण्याकडून आलीय. जॉन मॅकार्थींनी अमेरिकेतल्या एमआयटीत लिस्प मांडली तेव्हा त्यातलं इव्हॅल हे, दिलेल्याची किंमत काढणारं, फंक्शन त्यांच्या लेखी निव्वळ कागदावरचं गणित होतं. स्टीव्ह रसेल नावाचा त्यांचा सहकारी म्हणाला मी हे मशीनवर चढवतो, मॅकार्थी म्हणाले अरे ते वाचायसाठी आहे, चालवायसाठी नाही, आणि रसेलनी ते खरंच आयबीएम ७०४ या संगणकावर बसवून दाखवलं. ही १९६० च्या आगेमागेची गोष्ट. १९६४ मध्ये अमेरिकेतच डार्टमथ कॉलेजात बेसिक ही भाषा आली, विद्यार्थ्यांनी टर्मिनलवर बसून ओळी टाकायच्या आणि तिथल्या तिथे उत्तर बघायचं. आपल्याकडे १९८४ मध्ये सरकारच्या क्लास नावाच्या योजनेत शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आले, ते चालू केले की सरळ बेसिकचा एक बाणच समोर यायचा, मध्ये डेस्कटॉप वगैरे काही नाही. एकाचे तीन बाण कधी झाले ते सोडा. पायथन गिदो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅममध्ये १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत वेळ घालवायला म्हणून लिहायला घेतली, १९९१ मध्ये लोकांच्या हातात दिली. सुट्टीत आपण माळा आवरतो.

आणि एक, पायथनसारखा इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा) म्हटलं की वाटतं तो ओळ वाचत वाचतच चालवतो, तसं नाहीये. तीन बाणांपुढे टाकलेली ओळसुद्धा आधी बाईटकोडमध्ये, म्हणजे पायथनच्या आतल्या सूचनांमध्ये, कंपाईल (भाषांतरित) होते आणि मग चालते, फक्त ते इतकं गुपचूप की तुम्हाला कंपाईल हा शब्द ऐकूही येत नाही.

आता माझी खरी आवडती जागा. तीन बाणांपुढे मराठी टाकून बघायचं. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं (किंमत साठवायच्या डब्याचं) नाव देवनागरीत चालतं, भाव बरोबर ६०, लिटर बरोबर १.५, भाव गुणिले लिटर, येतं ९०.० म्हणून उत्तर. पण आकडा देवनागरीत टाकलात की लगेच इनव्हॅलिड कॅरेक्टर. म्हणजे नाव मराठी चालेल, ६० मराठी चालणार नाही. आणि गंमत अशी की तोच देवनागरी आकडा अवतरण चिन्हांत घालून इंट नावाच्या फंक्शनला दिला, म्हणजे '४२' असा, तर तो निमूट वाचतो आणि बेचाळीस परत देतो. वाचता येतं, पण कोडात चालवून घेणार नाही.

मग लेन टाकून शब्दांची लांबी विचारायची. 'पुणे' किती अक्षरी? शाळेतलं पोरही दोन म्हणेल. पायथन म्हणतो ४. प, उकार, ण, मात्रा, हे सगळे त्याला वेगवेगळे. 'श्री' हे एकच जोडाक्षर, तर तिथेही ४, श, मग हलन्त, मग र, मग दीर्घ वेलांटी. जुन्या पायथन २ मध्ये तर लिनक्सवर साधं 'पुणे' टाकलं की १२ यायचे, कारण तो अक्षरं सोडून बाईटच मोजायचा, प्रत्येक चिन्हाला ३. ते व्हर्जन १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे निवृत्त झालं, बरं झालं.

उलटं करून बघा. पायथनमध्ये शब्द उलटा करायला चौकोनी कंसात दोन कोलन आणि उणे एक, एवढंच पुरतं. 'पुणे' उलटं केलं की आधी एक बेवारस मात्रा येते, तिच्याबरोबर टिंबांचं रिकामं वर्तुळ, मग णु, मग प. उकार पचा होता, तो णला जाऊन चिकटला. 'श्री' उलटं केलं तर हलन्त रच्या मागे येतो आणि बघता बघता शच्या डोक्यावर रफार चढतो. मराठी लिपी कशी जोडली जाते हे मला तरी शाळेतल्या व्याकरणापेक्षा इथे जास्त नीट दिसलं. (टर्मिनलमध्ये मात्रा जरा इकडेतिकडे सरकलेल्या दिसतात, बऱ्याच टर्मिनलांना देवनागरी अजून धड जमत नाही, तिकडे दुर्लक्ष करायचं.)

आणि ळ! यादी क्रमाने लावणाऱ्या सॉर्टेडला 'मसाला' आणि 'मळा' द्या, तो मळा आधी लावतो. आपल्या अंकलिपीत श ष स ह आणि मग ळ, म्हणजे मसाला आधी यायला हवा. पण युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या जागतिक यादीत) लचा नंबर २३५४ आणि ळचा २३५५, लगेच शेजारी, आणि स बसलाय पार २३६० वर. सॉर्टेड बिचारा नंबर बघून लावतो, त्याला अंकलिपी कोणी दाखवलीच नाही. मराठी नावांची यादी असलेलं सॉफ्टवेअर कोणी बनवत असेल तर हे तीन बाणांपुढे एकदा करून बघा, नाहीतर काळेंच्या फाईली काहीतरी भलत्याच जागी सापडतात.

चुका झाल्या तर काय, तर काही नाही. लाल अक्षरं बघून नवीन मुलं दचकतात, पण ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठे झाली ते सांगणारा मजकूर, खालून वर वाचायचा, खरं म्हणणं शेवटच्या ओळीत असतं. ३.१० पासून तर तो प्रिंटचं स्पेलिंग चुकलं तर, तुम्हाला प्रिंट म्हणायचं होतं का, असं विचारतो. आणि त्यानंतरही तीन बाण परत येतात, काही बिघडलेलं नसतं, वर टाकलेला भाव अजून ६०च असतो. थोडा खट्याळपणाही आहे त्याच्यात. सीमधून आलेल्यांना महिरपी कंसांची सवय, पायथनमध्ये ते नाहीत, सगळं ओळ किती आत सरकवली यावर. तर फ्रॉम फ्युचर इम्पोर्ट ब्रेसेस असं टाका (फ्युचरच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर), उत्तर येतं, नॉट अ चान्स. म्हणजे विसरा.

तीन बाणांपर्यंत न जाताही कामं होतात. पायथन थ्री, मग उणे एम, मग एचटीटीपी डॉट सर्व्हर, की ज्या फोल्डरमध्ये आहात ते घरच्या वायफायवर उघडं होतं, पोर्ट ८०००. लग्नाचे फोटो लॅपटॉपवरून सासूबाईंच्या फोनवर न्यायचे होते, केबल सापडेना, तेव्हा हेच केलं, त्यांच्या फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि ८००० टाकला, यादी आली, त्यांनी हवे ते उतरवून घेतले. फक्त काम झालं की कंट्रोल सी करून बंद करा, त्या वायफायवर असलेल्या कोणालाही ते फोल्डर दिसतं, आणि होम फोल्डरमध्ये उभं राहून तर हे अजिबात करू नका.

बाहेर पडणं हे वेगळंच प्रकरण होतं. एक्झिट टाकलं की तो बाहेर पडायचा नाही, सांगायचा, कंस लावून एक्झिट म्हणा नाहीतर कंट्रोल डी दाबा. अरे, तुला कळलंय ना मला काय हवंय! खिडकीपलीकडच्या कारकुनाला तुमचं काम माहीत असतं तरी तो अर्ज योग्य नमुन्यात मागतो तसं. पण त्याच्या बाजूने बघितलं तर त्याने नियमच पाळलाय, जे टाकाल त्याची किंमत छापायची, आणि नुसत्या एक्झिटची छापायची किंमत म्हणजेच ते वाक्य. कंस लावले तर ते फंक्शनसारखं चालणार. ऑक्टोबर २०२४ मध्ये ३.१३ आलं, त्यात तीन बाणांना रंग आला, अनेक ओळींचा तुकडा एकदम वर आणून दुरुस्त करता यायला लागला, आणि नुसतं एक्झिटही चालायला लागलं. सोयीचं आहे, पण नियमाला अपवाद केला हे मला थोडं खुपतंच.

बाहेर पडलं की भाव, लिटर, सगळं गेलं. राहतात फक्त टाकलेल्या ओळी, लिनक्स आणि मॅकवर होम फोल्डरमध्ये पायथन हिस्टरी नावाची लपलेली फाईल असते, नावाआधी डॉट, तिच्यात. ओळी असतात, उत्तरं नसतात. माझ्या फाईलमध्ये दूध आहे, कोणाच्या तरी कर्जाचं व्याज आहे, 'श्री' आहे, आणि एका जागी नुसतं 'का' आहे, ते का टाकलं होतं देव जाणे. घाईघाईत कधी डेटाबेसचा पासवर्ड तीन बाणांपुढे टाकला असेल तर तोही तिथे साध्या अक्षरांत बसलेला असतो, एडिटरमध्ये फाईल उघडून ती ओळ उडवून टाका. आणि त्याआधी उघडे असतील तेवढे सगळे पायथन बंद करा, नाहीतर बाहेर पडताना तो तीच ओळ परत लिहून ठेवतो.