अडीच इंच आणि तेलाचा पिपा

नागपुरात राहून आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या, मोटरी बसवण्याचा व्यवसाय करतो असे सांगितले की समोरचा माणूस हमखास हसतो, कारण इथून समुद्र कुठल्याही दिशेला काही शे किलोमीटर दूर आहे. पण अंबाझरी, खिंडसी आणि तोतलाडोहसारखे मोठे जलाशय आमच्या आसपास आहेत, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा शहराच्या गल्ल्यांतूनही बोटी फिरल्या. हा प्रसंग मात्र पुराचा नाही. गेल्या मे महिन्यात तोतलाडोहच्या पाण्यावर रात्रीची गस्त घालणाऱ्या एका पथकाच्या नव्या बोटीसाठी मला बोलावणे आले होते, त्या दिवसाची ही हकीकत आहे.

तक्रार दोन ओळींची होती. अठरा फुटी ॲल्युमिनियमच्या बोटीवरची चाळीस अश्वशक्तीची चारस्ट्रोक मोटर वळणावर नुसती किंचाळते, पण बोट पुढे सरकत नाही. आणि खोक्यात आलेले रडार अजून बसवलेले नाही. मोटर सदोष आहे, बदलून द्या, असा पथकप्रमुखांचा आग्रह होता. त्यांचे म्हणणे समजण्यासारखे होते, कारण बोट बांधणाऱ्याने ताबा देताना घेतलेल्या चाचणीत ती उत्तम धावली होती. त्या चाचणीच्या वेळी बोटीत किती जण होते, असे मी विचारले. दोघेच होते, आणि दोघेही मागच्या फळीवर बसले होते. दुखणे काय असावे याचा अंदाज मला तिथेच आला, तरी मापे घेईपर्यंत काही न बोललेले बरे असते.

मोटर ज्या मागच्या उभ्या फळीवर बसते तिला ट्रान्सम म्हणतात, आणि तिची वरच्या कडेपासून तळापर्यंतची उंची मोटरच्या शाफ्टच्या लांबीशी जुळावी लागते. बाजारात पंधरा, वीस आणि पंचवीस इंचांचे शाफ्ट मिळतात. पंख्याच्या वर जी आडवी पत्ती असते, जिला सगळे मेकॅनिक कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवी, म्हणजे पृष्ठभागावरची हवा पंख्यापर्यंत ओढली जात नाही. मी तळाला लांब सरळ पट्टी लावून मोजले, तर पत्ती तळाच्या अडीच इंच वर होती. नकाशात ट्रान्सम वीस इंचांचाच होता. पण बांधणाऱ्याने वरच्या कडेला मजबुतीसाठी एक पट्टी वेल्ड केली होती आणि तिच्यावर प्लायवुडची गादी ठेवून मग मोटर आवळली होती. दोघे जण मागे बसले की बोटीचे बूड पाण्यात दबते आणि पत्ती बुडालेली राहते. गस्तीचे सहा जण चढले आणि त्यातले चार पुढे बसले की बूड उचलते, वळणावर बोट कलली की पंखा हवा गिळतो आणि इंजिन विनाकारण भिरभिरते. दोष मोटरचा नव्हता.

सुमारे शंभर किलोची मोटर काठावर उतरवायला आम्ही लोखंडी पाइपांची तिवई उभी केली आणि चेन-पुली लावली. गादी काढली, पट्टी ग्राइंडरने कापली, बोल्टांची भोके नव्याने पाडून सीलंट भरले. जुनी भोकेही काळजीपूर्वक बुजवली, कारण ट्रान्सममध्ये मुरलेले पाणी पुढे जो त्रास देते तो कोणी लक्षात घेत नाही. उन्हात पाने-पक्कड हातात धरवत नव्हती, म्हणून ती बादलीतल्या पाण्यात बुडवून काम केले. एवढ्याला चार तास गेले.

किंचाळणे थांबले, पण काम संपले नव्हते. सहा जणांसह पूर्ण थ्रॉटलवर इंजिन मिनिटाला ४६०० फेऱ्यांच्या वर जाईना, आणि या मोटरची ठरवून दिलेली कक्षा ५००० ते ६००० आहे. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांमागे इंजिनाची ताकद साधारण तीन टक्के घटते आणि मे महिन्यातली तापलेली विरळ हवा त्यात भर घालते. त्याशिवाय बसवलेला पंखा तेरा पिचचा, म्हणजे एका फेरीत कागदोपत्री तेरा इंच पुढे नेणारा होता. सायकलने चढावर मोठ्या गिअरमध्ये जावे तसा हा प्रकार. मी अकरा पिचचा पंखा लावला. एक इंच पिच कमी केले की दीडशे ते दोनशे फेऱ्या वाढतात हा ठोकताळा आहे, पण काट्याने त्याहून थोडे अधिक दान दिले आणि तो ५१०० वर स्थिरावला. गिअर दोनास एक, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक, असल्याने हिशेबाने वेग ताशी त्रेचाळीस किलोमीटर निघत होता, जीपीएसवर चौतीस दिसला. पंखा पाण्यात वीस टक्के घसरतो, हे अशा बोटीसाठी ठीकच आहे.

रडारच्या बाबतीत मी पहिल्यापासून साशंक होतो. अठरा इंची घुमटाचा झोत आडव्या दिशेने सुमारे पाच अंश रुंद असतो, म्हणजे एक किलोमीटरवर तो नव्वद मीटर पसरतो आणि तेवढ्या अंतरातल्या दोन वस्तू पडद्यावर एकच ठिपका होतात. ते मी लोकांच्या डोक्यांवरून झोत जाईल अशा बेताने कमानीवर बसवले, बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज दिला, आणि बोटीचे नाक एका उभ्या वठलेल्या झाडाकडे धरून पडद्यावरची दिशा सात अंशांनी दुरुस्त केली.

आमच्या सोबतचे नावाडी काका ढिवर समाजातले, जन्मभर याच पाण्यावर वावरलेले. त्यांनी विचारले, “भाऊ, ह्यात पाण्याखालचे खुंट दिसन का जी?” नाही, असे मी सांगितले, कारण रडारच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. मासे शोधायचे सोनार यंत्रही खाली पाहते, पुढे नाही. या वेगात खुंटाची खबर मिळेपर्यंत पंखा त्याच्यावर गेलेला असतो.

अंधार पडल्यावर, चोरट्यांची होडी पडद्यावर दिसेल का हे पाहायला, काका लाकडी डोंगा घेऊन दोनशे मीटरवर जाऊन थांबले. पडद्यावर काठाची रेषा स्वच्छ उमटली, वठलेली झाडे उमटली, डोंगा उमटला नाही. पाण्याशी लगटलेले लाकूड फारशा लहरी परत करत नाही. मग काकांनी आपल्याच बुद्धीने डोंग्यातला तेलाचा रिकामा चौकोनी पिपा वल्ह्यावर अडकवून उंच धरला आणि पडद्यावर क्षणात ठळक ठिपका आला. परतल्यावर ते म्हणाले, “चोरी कराले येणारा माणूस पिपा कशाले आणन?” पथकप्रमुख मनापासून हसले, ही त्यांची मोठी गोष्ट. डोंग्यातली माणसे दिसायची असतील तर अंगाची उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा बरा, पण या महिन्यात रात्रीची हवाही बरीच तापलेली असते, म्हणून तो हिवाळ्यात पारखून घ्या, असे मी सुचवले. रडार डिसेंबरच्या धुक्यात काठ ओळखायला कामी येईल, तोवर ते कमानीवर राहू द्यावे असे ठरले.

परतीच्या आधी मी जीपीएसमध्ये खुणा टाकण्याची रीत पथकातल्या एका तरुणाला शिकवली. मे महिन्यात पाणी उतरलेले असते आणि खुंट उघडे पडतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो आणि काका संथ वेगात फिरत एकेका खुंटापाशी थांबू लागले. दुपारपर्यंत त्यांनी सदतीस खुणा टाकल्या होत्या, आणि काकांच्या मते पूर्वेचा काठ अजून बाकीच होता.