चौदा दिवसांच्या गोळ्या

विट्यात औषधांचे दुकान चालवणाऱ्याला गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यातील माणसांमुळे देशभरातल्या तापांची खबर मिळत राहते. मागच्या पावसाळ्यात कोलकात्याहून गावी आलेल्या अशाच एका तरुणाच्या थोरल्या भावाने माझ्यापुढे चिठ्ठी ठेवली. तीवर आर्टिईथरची तीन इंजेक्शने, पॅरासिटामॉल, पित्ताची गोळी आणि एक महागडे टॉनिक होते. सोबतच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये मात्र व्हायवॅक्स हिवताप असे स्पष्ट लिहिले होते. “दोन महिन्यांमागं तिकडं बी हीच इंजेक्शनं दिलती, परत थंडी वाजून आली,” हे त्याचे वाक्य ऐकून मी माल काढायचा थांबलो.

व्हायवॅक्सचे जंतू रक्तातून गेले तरी यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. त्यांच्यावर प्रायमाक्वीनसारखे वेगळे औषध लागते. राष्ट्रीय धोरणात प्रौढासाठी क्लोरोक्वीन तीन दिवस, म्हणजे २५० मिलिग्रॅमच्या चार, चार आणि दोन गोळ्या, आणि प्रायमाक्वीन रोज १५ मिलिग्रॅमप्रमाणे १४ दिवस असे सांगितले आहे. आर्टिईथर ज्या गटातले, त्या आर्टेमिसिनिन गटातील औषध तोंडावाटे एकटेच देण्यावर २००९ पासून बंदी आहे, पण इंजेक्शन त्या बंदीत येत नाही आणि रुग्णालाही सुई टोचल्याशिवाय उपचार झाल्यासारखे वाटत नाही. दुसरा ताप नव्याने डास चावून आलेला असू शकत होता, हे खरे. तरीही औषध दोन्ही वेळा अपुरेच होते.

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी न रागावता ऐकून घेतले आणि म्हणाले, “प्रायमाक्वीन लिहितो, पण ते मिळतंय कुठं?” स्टॉकिस्टला, म्हणजे घाऊक विक्रेत्याला, विचारले, तर तो म्हणाला, “कोणी लिहीतच नाही, मग ठेवून मुदत संपवू का?” स्वस्त औषधाला ना कंपनीचा एमआर (प्रतिनिधी) फिरकतो ना मार्जिन सुटते, त्यामुळे दोघेही आपापल्या जागी बरोबरच होते.

गोळ्या शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळाल्या. डॉक्टरांनी त्याआधी जी६पीडीची तपासणी करून घेतली, कारण ते विकर (एन्झाइम) कमी असलेल्याच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. लघवी काळपट झाली तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठायचा, हे मी भावाला दोनदा सांगितले, आणि ताप उतरला तरी चौदाव्या दिवसापर्यंत गोळी चुकवायची नाही, हेही. त्याने टॉनिक तेवढे मागून नेले.