बेळगावचे म्हणजे नेमके कुठले?

पुण्यात विचारतात, ‘इतकी वर्षे झाली, आता कशाला यायचे आहे तुम्हाला महाराष्ट्रात?’ बेंगळुरूत विचारतात, ‘इथेच जन्मलात, इथेच राहता, मग अजून आमचे का होत नाही?’ दोन्ही प्रश्न सौजन्याने विचारले जातात आणि दोघांनाही एका वाक्यात उत्तर हवे असते. आजवर मी हसून विषय बदलत आलो. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

महाराष्ट्राने मागितलेली कर्नाटकातली ८६५ सीमावर्ती गावे, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा महाजन आयोगाचा अहवाल, महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात लावलेला २००४ चा दावा हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे, ते उगाळत नाही. माझी तक्रार अशी की तुम्ही सारे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून मोजू लागता. इंग्रजांनी किल्ला घेतला १८१८ मध्ये आणि तेव्हापासून १९५६ पर्यंत आमचा कारभार मुंबईहून चालला. आमचे काही वक्ते हाच पुरावा म्हणून पुढे करतात. तो लंगडा आहे, कारण कन्नडबहुल धारवाड आणि विजापूरही त्याच मुंबई इलाख्यात होते. शिवाय आज ज्याला आपण एक शहर म्हणतो ते एकसंध कधी नव्हतेच. विणकरांचे शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, म्हणजे बेळगावकरांना सीमा ओलांडून बाजाराला जाण्याची सवय फार जुनी आहे.

टिळकांनी होमरूल लीगची स्थापना १९१६ साली याच गावात केली. गांधीजी काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, तेही १९२४ साली इथेच. त्या अधिवेशनाचे यजमान गंगाधरराव देशपांडे यांना कर्नाटकसिंह म्हणत, आणि त्यांनी आत्मचरित्र लिहिले ते मराठीत. त्याच अधिवेशनात कन्नड नाडूच्या, म्हणजे कन्नड भूमीच्या, उदयाचे गीत गायले गेले. पुढे १९४६ मध्ये साहित्यिक ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील मराठी साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला, तोही बेळगावातच. दोन्ही एकीकरणांचा उच्चार या एका गावात झाला. त्यांतला एकच ऐकून कोणी मला प्रश्न विचारू लागला की माझा संयम सुटतो.

याचा अर्थ मागणी चूक होती असा कृपया काढू नका. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याकडे गेला, पण त्यातला चंदगड तालुका काढून मुंबई राज्याला दिला गेला. म्हणजे जिल्हा अखंड राखणे हे काही अटळ तत्त्व नव्हते. जो न्याय चंदगडला मिळाला तो खानापूर, निपाणी आणि बेळगावला का मिळू नये, याचे पटण्यासारखे उत्तर मला आजतागायत कोणी दिलेले नाही.

आता एक प्रसंग सांगतो. १ नोव्हेंबरला कर्नाटकाच्या स्थापनेचा सरकारी राज्योत्सव असतो आणि आम्ही काळा दिन पाळतो. माझे वडील अगदी तरुण वयापासून दर वर्षी निषेध फेरीत चालत आले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी मुलगी सहावीत होती आणि तिच्या शाळेने राज्योत्सवाच्या समूहगीतासाठी तिला निवडले. गीत तेच, १९२४ चे. घरात आठवडाभर कोणी त्याविषयी बोलले नाही. त्या दिवशी सकाळी वडिलांनीच तिला जवळ बोलावले आणि म्हणाले, ‘म्हणून दाखव.’ तिने म्हटले. मी जे कन्नड अडखळत बोलतो ते तिच्या तोंडून पाण्यासारखे वाहत होते. वडिलांचे सारे आयुष्य बाजारपेठेत गेल्यामुळे त्यांचे कन्नड आमच्या घरात सर्वांत चांगले होते. एका ओळीला त्यांनी तिला थांबवले, ‘ळ’चा उच्चार दुरुस्त केला, ती ओळ दोनदा म्हणवून घेतली. मग उठून काळी पट्टी दंडाला बांधली आणि चपला घालून फेरीला निघाले. मी त्यांच्या मागोमाग गेलो, मुलीला आईने शाळेत पोहोचवले.

फेरीत शेजारून चालणाऱ्या एका परिचिताने चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, ‘नात तिकडे लाल-पिवळा झेंडा हलवतेय आणि आजोबा इकडे?’ वडिलांचा चेहरा इतका पडलेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. थोडे अंतर ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तिला कन्नड येतंय म्हणून आमचा हक्क जातो काय?’ तो गृहस्थ पुढे निघून गेला आणि नंतर कित्येक वर्षे आमच्या घरची पायरी चढला नाही.

तेव्हा मला वाटले होते की या उत्तरापुढे कोणी बोलूच शकणार नाही. आज मी तेव्हाच्या स्वतःशीच, त्या तरुण बापाशी, वाद घालतो. आपला दावा उभा आहे तो मराठी बहुसंख्येवर, आणि शिरगणतीत मुलांनी पुढे काय नोंदवावे हे शाळा, नोकरी आणि शेजार ठरवतात. खटला जितका लांबतो तितका पायाखालचा आधार झिजतो. मग मुलीला मराठी शाळेत का घातले नाही, असे तुम्ही विचाराल. नाही घातले. तिला याच राज्यात नोकरी शोधायची होती आणि कन्नड न आल्यामुळे सरकारी कचेरीत कसे उभे राहावे लागते ते मी भोगले होते. हे कारण मला पुरेसे वाटते. त्या परिचिताला ते पुरेसे वाटले नसते, आणि त्याचे चुकले असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

काळ्या दिनाच्या फेरीला मी आजही जातो. उद्या कौल घेतला तर माझे मत महाराष्ट्रालाच पडेल, आणि ते देताना मला शेजारच्या कन्नड घराची लाज वाटणार नाही, कारण त्यांना माझे मत माहीत आहे आणि मला त्यांचे. मुलगी कोणाला मत देईल हे मी तिला विचारलेले नाही. विचारून उपयोगही नाही, तिचे नाव आता बेंगळुरूच्या मतदारयादीत आहे.