न काढलेला फोटो

हिरोशिमा, शनिवार रात्र

सकाळी गेनबाकू डोम पाहिला, अणुबॉम्बने मोडलेल्या इमारतीचा उरलेला सांगाडा. यान लेत्झेल या चेक वास्तुविशारदाची १९१५ची इमारत, स्फोटकेंद्रापासून जेमतेम १६० मीटरवर. ती पाडून टाका असं म्हणणारे इथलेच लोक होते. घरची माणसं गेलेल्यांना ते रोज डोळ्यांसमोर नको होतं. १९६६ मध्ये नगरपरिषदेने ती आहे तशी राखायचं ठरवलं.

मी फोटो काढला. शाळेत असल्यापासून पाहत आलेय, हुबेहूब तसाच आला. उघडा पडलेला घुमट, मागे आभाळ. देखणा आला, आणि तेच मला सोसेना. त्यात माणूसच नव्हता.

म्हणून दुपारी ट्रामने मियुकी पुलावर गेले. पुलाच्या पश्चिम टोकाला एका फलकावर योशितो मात्सुशिगे यांचा फोटो आहे. ते स्थानिक वर्तमानपत्राचे छायाचित्रकार. ६ ऑगस्ट १९४५ला अकराच्या सुमारास ते याच पुलाशी पोचले. आग पसरू नये म्हणून घरं पाडायच्या कामाला लावलेली शाळेची मुलं इथे भाजलेल्या अंगाने बसली होती. त्यांना लावायला होतं फक्त खायचं तेल. मात्सुशिगेंचा हात कॅमेऱ्याकडे जाईना. बऱ्याच वेळाने पहिला फोटो घेतला, मग जरा पुढे जाऊन दुसरा. तेव्हा डोळ्यांतल्या पाण्याने समोरचं धूसर झालं होतं, असं ते पुढे सांगत.

फोटोत बहुतेकांच्या पाठीच दिसतात. मी फलकासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. त्या पाठींच्या रांगेत आपणही उभे आहोत आणि पुढचं काही दिसत नाहीये, असं वाटत राहिलं.

दिवसभरात त्यांनी सात वेळा बटण दाबलं, हाती लागले पाच फोटो. त्यांतले दोन त्यांच्या स्वतःच्या मोडलेल्या घरातले. अमेरिकी ताब्याच्या काळात अशा चित्रांवर बंधनं होती. १९५२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने छापले तेव्हा ते जगभर पोचले. त्या दिवसाचे शहराच्या आतले फोटो म्हणजे जवळपास एवढेच.

पण माझ्या मनातून जात नाहीये तो त्यांनी न काढलेला फोटो. कामियाचोच्या वळणावर एक जळालेली ट्राम उभी होती. त्यांनी आत डोकावलं. माणसं एकमेकांवर पडलेली, सगळी मेलेली. कॅमेरा हातात होता, तरी फोटो घेतला नाही. ते त्यांनी शब्दांत सांगितलं, पुढे कितीतरी वर्षं, विचारील त्याला. तो फोटो असता तर मी तो डोमच्या फोटोसारखाच बघून पुढे गेले असते का? भीती वाटते, गेले असते.

परतीची ट्राम कामियाचोलाच वळते. वळणावर चाकं करकरली. शेजारच्या आजींनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. तिच्यातून कांद्याची पात बाहेर आली होती. समोर शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या होत्या. माझा फोन पर्समध्येच राहिला.