भेगाळलेली रेगडी आणि जळणारी नदी

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी झालेला एक विद्यार्थी पुण्यात अभियांत्रिकी शिकून सध्या अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीवलँड शहरात पुढचे शिक्षण घेत आहे. घरी फोन केला की तो मलाही आठवणीने फोन करतो. मागच्या वेळी बोलता बोलता तो म्हणाला, "सर, इथं क्लीवलँडचं नाव घेतलं का लोकं हासतात. पुन्यात यवतमाळचं नाव घेतलं का लोकं चूप होत. मले त हासनं परवडलं." मी त्यावर हसलो खरा, पण फोन ठेवल्यावर ते वाक्य बराच वेळ डोक्यात राहिले.

क्लीवलँड हे नाव मला हसण्यासारखे कधीच वाटले नव्हते. आम्ही अमरावतीला बी.एस्सी. करत होतो तेव्हा ते नाव पाठ करण्याचे होते. १८८७ साली मायकेलसन आणि मॉर्ली या दोघांनी याच शहरात, वालुकाश्माची एक जड शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवून, तिच्यावर आरसे मांडून, प्रकाशाच्या वेगात पृथ्वीच्या गतीमुळे काही फरक पडतो का, हे मोजले होते. फरक सापडला नाही, आणि न सापडलेल्या त्या फरकाने भौतिकशास्त्राचा पुढचा रस्ता बदलला. माझ्या दृष्टीने क्लीवलँड म्हणजे ती शिळा. अमेरिकेतील सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने मात्र क्लीवलँड म्हणजे पेटलेली नदी, बुडीत गेलेली नगरपालिका आणि हरणारे संघ. 'मिस्टेक ऑन द लेक', म्हणजे एरी सरोवराकाठी झालेली चूक, हे तिकडे या शहराचे दुसरे नाव आहे. शिळेपेक्षा नदी का लक्षात राहिली, याचा शोध घेण्याचा नाद मला त्या फोननंतर लागला.

नदी पेटली होती, हे खरे आहे. शहरातून वाहत एरी सरोवराला मिळणाऱ्या कायहोगा नदीच्या काठी पोलादाचे, तेलाचे, रंगांचे कारखाने होते. रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल कंपनी १८७० साली याच शहरात स्थापन झाली. या सर्वांचे सांडपाणी आणि तेल नदीत जात असे आणि तिच्या खालच्या, संथ भागात तवंग साचून राहत असे. १८६८ पासून ही नदी निदान दहा-बारा वेळा तरी पेटली असल्याची नोंद आहे. त्यातली सर्वांत गाजलेली आग २२ जून १९६९ रोजी लागली. ती सुमारे अर्ध्या तासात विझली, रेल्वेच्या लाकडी पुलांचे मिळून सुमारे ५० हजार डॉलरचे नुकसान झाले, आणि शहरातील लोकांना तिचे फारसे अप्रूप वाटले नाही, कारण त्यांनी याहून मोठ्या आगी पाहिल्या होत्या. १९५२ च्या आगीत दहा लाख डॉलरहून अधिक नुकसान झाले होते.

पुढे जे घडले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९६९ च्या ऑगस्टमध्ये 'टाइम' साप्ताहिकाने अमेरिकेतील नद्यांच्या प्रदूषणावर मजकूर छापला आणि त्यासोबत ज्वाळांनी वेढलेल्या एका बोटीचे छायाचित्र दिले. ते छायाचित्र १९५२ चे होते. १९६९ ची आग छायाचित्रकार पोहोचण्याआधीच विझली होती. तिच्या ज्वाळांचे छायाचित्र आजवर कोणाला सापडलेले नाही. तोच अंक नेमका चंद्रावर माणूस उतरल्याच्या बातमीचा आणि सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या मोटार अपघाताच्या प्रकरणाचा होता, त्यामुळे तो घराघरांत गेला. चंद्र पाहण्यासाठी अंक उघडलेल्या देशाने सतरा वर्षांपूर्वीची आग आजची म्हणून पाहिली. शहराचे तत्कालीन महापौर कार्ल स्टोक्स हे अमेरिकेतील मोठ्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांच्या कारकिर्दीत, आगीच्या आधीच, १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी नदीच्या शुद्धीकरणासाठी १० कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले होते. आगीनंतर दुसऱ्याच दिवशी स्टोक्स पत्रकारांना घेऊन नदीकाठी फिरले, आणि कारखान्यांना परवाने राज्य सरकार देते, शहराच्या हाती नियंत्रण नाही, हे त्यांनी दाखवून दिले. सुधारणेची सुरुवात झालेल्या शहराच्या कपाळी नेमका तेव्हाच हा शिक्का बसला.

नदी फक्त क्लीवलँडचीच पेटली असती तर गोष्ट वेगळी होती. १९६८ च्या जानेवारीत बफेलो शहरातील नदी पेटली होती. १९६९ च्याच ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटजवळची रूज नदी पेटली. त्या नद्यांची नावे आज कोणी काढत नाही. त्यांचे चित्र त्या अंकात नव्हते, यापलीकडे मला काही कारण दिसत नाही.

हे वाचत असताना मला आमच्या गावातला २००६ चा उन्हाळा आठवला. त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला तत्कालीन पंतप्रधान विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम व वर्धा या शेतकरी-आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. परंतु त्याच्या आधीपासूनच गावोगाव कॅमेरे फिरत होते. मे महिन्याच्या एका दुपारी एक छायाचित्रकार आमच्याही गावात आला. माझे थोरले काका बैलांना पाणी दाखवून परत येत होते. त्याने त्यांना शेताच्या धुऱ्यावर उकिडवे बसवले, एक हात कपाळावर ठेवायला सांगितला, आणि समोरच्या भेगा चौकटीत येतील अशा बेताने फोटो काढले. काका त्याला म्हणाले, "उन्हाळ्यात रेगडी फाटनच, साहेब. नाही फाटली त आमाले भेव वाटते." साहेबांनी मान डोलावली. त्यांना मराठी येत होते. रेगडी माहीत नव्हती.

ज्यांनी काळी माती जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वऱ्हाडातील रेगडी पाणी प्याली की फुगते आणि सुकली की आक्रसते. त्यामुळे पीकपाणी उत्तम झालेल्या वर्षीही एप्रिल-मे महिन्यांत तिला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. या भेगांतून वरची माती खाली जाते, खालची पुढच्या पावसात फुगून वर येते, म्हणून जुने लोक 'रेगडी स्वतःची नांगरट स्वतः करते' असे म्हणतात. आमच्याकडील बहुतेक शेती कोरडवाहू असल्याने कापूस-तूर निघाल्यावर शेत उन्हाळाभर मोकळेच असते. म्हणजे त्या फोटोत दुष्काळाचा पुरावा म्हणून जे दिसत होते, ते मे महिन्याचे कॅलेंडर होते. कोणत्याही वर्षीच्या कोणत्याही मे महिन्यात तो फोटो काढता आला असता.

येथे मला सावधपणे लिहिले पाहिजे. आमच्या गावात दोन घरांतील कर्ते पुरुष गेले. एका घरातील मुलगा माझ्या वर्गात होता. कर्ज खोटे नव्हते, पडलेला भाव खोटा नव्हता, आणि बाहेरच्या लोकांनी आमच्याकडे पाहिलेच नसते तर बरे झाले असते असे मी मुळीच म्हणणार नाही. क्लीवलँडची नदीही मेलेलीच होती. तिच्या खालच्या भागात मासे उरले नव्हते. पुढे १९७२ साली अमेरिकेत जो स्वच्छ पाण्याचा कायदा झाला, त्यामागील लोकमत घडवण्यात त्या चुकीच्या छायाचित्राचाही हात होता. त्या शिक्क्याने साऱ्या देशाच्या नद्यांचे भले केले आणि त्याची लाज एकट्या शहराने सोसली.

माझी तक्रार निराळी आहे. ज्या गावाची शंभर चित्रे लोकांच्या मनात असतात, त्याला एका वाईट चित्राने काही होत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईला कोणी 'बुडणारे गाव' म्हणून ओळखत नाही. न्यूयॉर्क शहर १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते, तरी न्यूयॉर्क म्हटल्यावर कोणाला ते आठवत नाही. याउलट १५ डिसेंबर १९७८ रोजी क्लीवलँड शहराने बँकांची देणी थकवली. महापौर डेनिस कुसिनिच यांनी शहराच्या मालकीची वीजकंपनी विकायला नकार दिला होता आणि बँकांनी कर्जाची मुदत वाढवून दिली नव्हती, हा त्यामागील झगडा. दोन-तीन महिन्यांतच मतदारांनी वीजकंपनी राखण्याच्या आणि स्वतःवरील कर वाढवून घेण्याच्या बाजूने कौल दिला. मला तर हा शहाण्या नागरिकांचा निर्णय वाटतो. देशाने मात्र 'महामंदीनंतर देणी थकवणारे पहिले मोठे शहर' एवढेच लक्षात ठेवले, कारण जळणाऱ्या नदीशेजारी ते चपखल बसत होते.

एकटे चित्र पुढच्या बातम्या स्वतःच निवडू लागते. १९७२ मध्ये महापौर राल्फ पर्क एका समारंभात फीत कापण्याऐवजी धातूची पट्टी वेल्डिंगच्या ज्योतीने कापायला गेले आणि ठिणगी उडून त्यांचे केस पेटले. ही घटना दुसऱ्या कोणत्या शहरात घडली असती तर दोन दिवस हसून लोक विसरले असते. क्लीवलँडमध्ये ती 'पाहा, यांची नदी जळते आणि महापौरही' अशी साक्ष ठरली. आमच्याकडेही मेळघाटातले कुपोषण, चंद्रपूरचे ऊन आणि गडचिरोलीतली चकमक यांना राज्याच्या पानावर हमखास जागा मिळते. वडसा गावातून हंगामात निघणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या रात्र रात्र भरगच्च गर्दीसमोर प्रयोग करतात, ती बातमी जिल्हा आवृत्तीच्या बाहेर क्वचितच पडते.

याहून मोठा घोटाळा असा होतो की कारणांचे स्वभावात रूपांतर होते. क्लीवलँडची लोकसंख्या १९५० साली सुमारे ९ लाख १५ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती सुमारे ३ लाख ७३ हजार भरली. पोलादाचे उद्योग घसरले, महामार्ग झाले, ऐपत असलेली गोरी कुटुंबे उपनगरांत गेली आणि कर देणारे कमी झाले, ही त्याची कारणे. विनोदात ही कारणे येत नाहीत. तेथे शहरच नालायक असते. आमच्याबाबत 'वऱ्हाडी माणूस आळशी, खर्चिक, कर्ज काढून लग्न करणारा' हे वाक्य मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा याच वऱ्हाडाच्या कापसावर मँचेस्टरच्या गिरण्यांचा डोळा होता आणि पुढे तो वाहून नेण्यासाठी खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आणला गेला. त्या वेळी आमच्याच पणजोबांना कोणी आळशी म्हटले असेल असे वाटत नाही. कापसाचा भाव पडला की माणसाचा स्वभावही बिघडतो, असा काही नियम असावा.

आपल्यावरचा विनोद आपणच आधी करून टाकण्याची युक्ती दोन्हीकडे दिसते. १९८१ मध्ये 'न्यूयॉर्क मोठे सफरचंद असेल, पण क्लीवलँड हे प्लम आहे' अशी जाहिरात, न्यूयॉर्कच्या 'बिग ॲपल' या टोपणनावाला उत्तर म्हणून, तिथल्या मंडळींनी चालवली. ती केविलवाणी वाटते. त्यापेक्षा 'बर्निंग रिव्हर' या नावाची बिअर काढणारे मला आवडले. आमचेही काही कलावंत दूरचित्रवाणीवर वऱ्हाडी बोलीत गावंढळपणाचे सोंग आणून टाळ्या घेतात. मला त्यात बिअरची ऐट दिसत नाही, प्लमची अजिजी दिसते. पण हे कदाचित मास्तराचे कुरकुरणे असेल.

गंमत अशी की, बाहेरून येणाऱ्यांचे क्लीवलँड वेगळेच असते. हृदयाच्या रोग्यांसाठी ते १९२१ साली सुरू झालेल्या क्लीवलँड क्लिनिकचे शहर आहे. रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये तेथेच बायपास शस्त्रक्रियेचा पाया घातला. कर्नाटक संगीताच्या रसिकांसाठी ते त्यागराज आराधनेचे शहर आहे. हा उत्सव १९७८ मध्ये, म्हणजे शहराने देणी थकवली त्याच वर्षी, तेथे सुरू झाला आणि आता त्याला जगभरातून गायक-वादक जातात. कायहोगा नदीतले मासे खाण्यास योग्य असल्याचे २०१९ च्या मार्चमध्ये, आगीच्या पन्नासाव्या वर्षी, तिथल्या सरकारने जाहीर केले.

त्या विद्यार्थ्याने गेल्या आठवड्यात मला नदीचा फोटो पाठवला. सकाळची वेळ, पोलादी पूल, आणि त्याखालून वल्ही मारत जाणारी महाविद्यालयीन मुले. सोबत लिहिले होते, "सर, आपल्या इकडचा बी एक पाठवा. इथं लॅबमधल्या पोट्ट्यायले दाखवतो." म्हणून मी काकांच्या शेतात गेलो. कपाशी कमरेला आली होती, पात्या लागल्या होत्या, तुरीच्या ओळी गर्द हिरव्या होत्या आणि रेगडीला एकही भेग नव्हती. मी मोबाइल काढला. काकांनी विळा बाजूला ठेवला, धुऱ्यावर उकिडवे बसले आणि उजवा हात कपाळावर ठेवला.

मी म्हटले, "काका, उभे राहा जरा."

"उभा राहू?" काका म्हणाले. "मंग फोटो कायचा काढतं?"